कोरडा वायसर

मी एक जुना पंप आहे, मित्रांनो. पाण्याचा नव्हे, सायकलच्या चाकात हवा भरायचा. पितळी नळी, लाकडी मूठ, लांबीला हातभर. मला बोलायची फारशी हौस नाही. पण माझ्या हातून एक गोष्ट घडली आहे, ती सांगून टाकावी म्हणतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. नळी कापली, घासली, आत दांडा बसवला आणि दांड्याच्या टोकाला चामड्याचा वाटीसारखा वायसर लावला. हा वायसर मऊ असेल तर नळीला चिकटून हवा पुढे ढकलतो. वाळला की आक्रसतो आणि हवा मागच्या मागे निसटते. माझ्यात कळण्यासारखं एवढंच आहे.

मला विकत घेतलं ते चष्मेवाल्या काकांनी. त्यांचं काचा घासायचं दुकान होतं आणि घर दुकानाच्या मागेच. काका भारी चिकित्सक. दर रविवारी मला उघडत, यंत्राच्या तेलाचे दोन थेंब वायसरला चोळत आणि मगच चाकाला लावत. ते हवा भरत आणि काकू अंगठ्याने चाक दाबून बघत. “अजून चार,” त्या म्हणत. काका मुकाट्याने अजून चार दांडे मारत. तेवीस वर्षं हे असंच चाललं. लोक म्हणत, असा पंप आता मिळायचा नाही. तेव्हा मला बरं वाटायचं.

पुढे काकांचा खांदा धरला. त्यांचा पुतण्या एक खोका घेऊन आला. “काका, कशाला दंड मोडून घेताय? ही गॅसची काडतुसं. ट्यूबच्या तोंडाला लावायची, पिळायची, दोन सेकंदांत चाक टणक.”

“काडतुसं?” काकू दचकून म्हणाल्या. “घरात नकोत बाई.”

पण काडतुसं राहिली आणि मी फळीवर गेलो. खरं सांगायचं तर ती कामाला चोख होती. खोड एकच, तो गॅस रबरातून लवकर झिरपतो. आज भरलेलं चाक उद्या मऊ पडे आणि काका आणखी एक काडतूस पिळत. फळीवर पडून मी हे बघत असे. सुरुवातीला वाईट वाटायचं. मग वाटेनासं झालं. उन्हाळा आला आणि गेला, माझ्या नळीत धूळ बसली.

त्याच वर्षी काकूंना अर्धांगवायू झाला. इस्पितळ अकरा किलोमीटरवर, कालव्याच्या रस्त्याने. काका रोज दुपारी सायकलने जात. काकूंची वाचा गेली होती आणि फोनवरचा आवाज कुणाचा ते त्यांना कळत नसे. हात हातात घेतला की मात्र त्या काकांचा तळवा दाबत. तेवढंच बोलणं उरलं होतं.

एके दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, उद्या चार वाजता त्यांना मोठ्या इस्पितळात हलवतोय, इथे आता उपाय नाही. काका काकूंच्या कानाशी वाकून म्हणाले, “मी आल्याशिवाय निघायचं नाही.” हे त्यांनी घरी येऊन पुतण्याला फोनवर सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी काका निघाले तर चाक नेहमीसारखं मऊ. खोक्यात एकच काडतूस होतं, ते चाकात गेलं. वाटेसाठी काही उरलं नाही. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. त्यांनी मला उचललं, मूठ खालीवर केली आणि थांबले. तेलाची बाटली दुकानात होती. मला उघडून तेल द्यायला पाच मिनिटं लागली असती. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “चालेल,” असं म्हणून मला सायकलच्या दांडीला बांधलं.

कालव्याच्या रस्त्यावर काटा घुसला. काकांनी ट्यूब काढली, ठिगळ लावलं, सुबक लावलं. मग मला जोडून दांडा मारू लागले. मूठ सैल जात होती. मी नुसता फुसफुसत होतो.

“अरे भर की,” काका हळू आवाजात म्हणाले.

मित्रांनो, मी भरू शकलो नाही. त्या रस्त्याने वाहन येत नाही. काकांनी मला उघडलं, वायसर कालव्याच्या पाण्यात भिजवला आणि त्याची कड नखाने उकलत बसले. चामडं मऊ व्हायला पाऊण तास लागला. मग मी हवा भरली, चांगली भरली.

आम्ही पोचलो तेव्हा पावणेपाच वाजून गेले होते. पलंगावरची चादर काढलेली होती. परिचारिका म्हणाली, “काका, गाडी मी दहा मिनिटं थांबवली होती. त्याहून जास्त नाही थांबवता आली. दाराकडेच बघत होत्या.”

काका त्या उघड्या गादीवर बसले. मी त्यांच्या हातातच होतो. मोठ्या इस्पितळाकडे जाणारी एसटी दुसऱ्या दिवशी सकाळी होती आणि पहाटेच तिकडून फोन आला. काकू गेल्या होत्या.

पुतण्या आला, रडला. “मीच तुम्हाला त्या काडतुसांची सवय लावली.”

“काडतुसांचं काही नाही,” काका म्हणाले. “पंपाचंही नाही. पाच मिनिटं होती माझ्याकडे.” आणि ते काच घासायला बसले.

त्यांनी मला आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. आता मला काही वाटत नाही. काकांनाही काही वाटत नसावं. सायकल भिंतीला टेकून उभी आहे आणि दोन्ही चाकं बसली आहेत.

मित्रांनो, गॅस घ्या किंवा माझ्यासारखा पंप घ्या, मी भांडणार नाही. पण ज्याच्या भरवशावर निघायचं त्याला आदल्या दिवशी एकदा उघडून बघा. तिकडे कुणीतरी तुमच्यासाठी गाडी दहा मिनिटं थांबवतं. अकरावं मिनिट त्यांच्याही हातात नसतं.