पोट माझं, वय त्यांचं

मी मॅन्डोलिन बोलतोय. माझ्या पाठीला कलिंगडाएवढं पोट आहे. ते जन्मापासून आहे, खाऊन सुटलेलं नाही. कारागिराने लाकडाच्या पट्ट्या वाकवून एकीला एक चिकटवल्या आणि ते केलं. हसायचं असेल त्याने आधी हसून घ्यावं.

पहिल्यांदा मला एका बँडवाल्याने वाजवलं, मग विकलं. घेणारा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. बायकोच्या भीतीने त्याने घरी सांगितलं, "विकत नाही आणलं गं. आपल्या खापरपणजोबांचं आहे, काकाकडे पडून होतं."

बायकोला ते पटलं. थाप तिथेच थांबली नाही. दर पाहुण्यामागे माझं वय वाढलं आणि दोनशेवर जाऊन थांबलं.

त्याला आवाज मोठा हवा होता. म्हणून माझ्यावर गिटारच्या जाड तारा चढवल्या. त्या ओढीने माझी छाती खचली, मान पुढे आली. मग मला काचेच्या कपाटात ठेवलं. धाकट्या मुलीने हात लावला की हा ओरडायचा, "पूर्वजांची वस्तू आहे!" पोरीला वाजवायचं होतं. तिला काच पुसायचं काम मिळालं.

बाप गेला. कपाट, मी आणि थाप थोरल्या मुलाकडे आलो. बहीण साठीला टेकली, तरी काचेबाहेरच.

खचलेल्या छातीला पडलेली भेग रुंदावली तेव्हा दोघं मला दुरुस्तीवाल्या बाईंकडे घेऊन गेले. थोरल्याला भेगेचं काही नव्हतं. वय ऐकायचं होतं.

बाईंनी माझ्या पोटात दिवा सोडला, दातांच्या डॉक्टरचा आरसा फिरवला. लाज काढली. मग छातीवरच्या गडद पट्टीवर नख वाजवलं.

"जुन्या वाद्यांवर असते तशी ही कासवाच्या पाठीची नाही, प्लास्टिकची आहे. नंतर बसवलेलीही नाही, खालचं लाकूड तिच्याच मापाने कोरलंय. तारा पिळायच्या खुंट्याही कारखान्यातल्या. याने शंभरी काही गाठलेली नाही."

"अहो, आमच्या खापरपणजोबांचं आहे!"

"ते कधी गेले?"

"झाली की दीडशे वर्षं."

"मग मेल्यावर घेतलं असेल."

बहीण इतकी हसली की तिला स्टूल द्यावं लागलं. थोरला लाल झाला. "म्हणजे बाबा खोटं बोलायचे?"

"आईला भ्यायचे, दादा. पूर्वजांचं नाही ना? मग मी वाजवणार."

"छोटे, या वयात? बोटं वळतात का तुझी?"

"काच पुसून पुसून तयार झालीत."

"आणि मोडलंस तर?"

"बाबांनी मोडलेलंच आहे."

थोरल्याने मला बाईंकडे सरकवलं.

बाईंनी गरम सुरीने माझी छाती उघडली, आतले आडवे दांडे बदलले, भेगेत लाकडाची चीप बसवली, मान मागे घेतली. तारा बारीक लावल्या. थोरल्याला बजावलं, "जाड तारा लावाल तर परत येऊ नका."

आता मी बहिणीच्या खाटेवर असतो. ती वाजवते वाईट. गंजलेलं दार बरं. पण रोज वाजवते. थोरला ऐकायला येतो, ताल चुकला म्हणतो आणि शेजाऱ्यांना हळूच सांगतो, "दोनशे वर्षांपूर्वीचं आहे." तेव्हा मी मुद्दाम एक तार उतरवतो. छोटी म्हणते, "थांब दादा, सूर लावू दे." तेवढा वेळ तरी तो गप्प राहतो.

तुमच्या कपाटात माझा कोणी भाऊबंद असेल, तर त्याचं वय मोजत बसू नका. कपाट उघडा. पोरीला हात लावू द्या.

ती साठीची असली तरी.