अडीअडचणीची पिशवी

ढुंढिराजशास्त्री जमिनीवर बसून चंदेरी ब्लँकेटची घडी घालत होते. मुठीत मावणारी वस्तू अंगभर पुरते तरी कशी, हे बघायला त्यांनी ते उघडलं आणि त्याने अर्धी खोली व्यापली. उपरण्याची घडी आयुष्यभर बिनचूक घातलेले शास्त्रीबुवा, पण हे चकाकणारं प्रकरण काही त्यांना दाद देईना. शेवटी हिमानीने हसत ते बापाच्या हातातून घेतलं, हवा काढत गुंडाळलं आणि लाल पिशवीत कोंबलं.

लाल पिशवी अडीअडचणीची. वाट चुकली, बर्फ कोसळला, तर एवढी तरी जवळ हवी, असं तिने त्यांना समजावलं होतं. शिट्टी, डोक्याला बांधायचा दिवा, बँडेज, चॉकलेटं, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. काशीतल्या मुलीने हिमालयातलं पाणी शुद्ध करून प्यावं, हे काही शास्त्रीबुवांना पटलं नाही. तरी गोळ्यांचं आणखी एक पाकीट त्यांनीच आणलं होतं.

उद्या ती पहिल्या ट्रेकला उत्तराखंडात निघणार होती. दोन वर्षांपूर्वी घाटाच्या पायऱ्या चढताना जिला धाप लागायची, तीच ही. नको म्हणायला त्यांची जीभ रेटत नव्हती आणि जा म्हणायची छाती होत नव्हती.

पिशवीची चेन लागेना. हिमानीने तळ चाचपला आणि तोंड झाळून बंद केलेला चिमुकला तांब्याचा गडू बाहेर काढला. गंगाजळाचा. असा गडू घरोघरी जपून ठेवतात आणि फोडतात एकदाच, कुणाच्या तोंडात शेवटचं पाणी घालायला. तिचा चेहरा उतरला.

"बाबा, ये क्या है? मी मरायला चालले आहे का?"

शास्त्रीबुवा खजील झाले. रोज घाटावर ते परक्यांची सांत्वनं करत, पण ही घरची होती. त्यांनी गडू घेऊन उपरण्याने पुसला.

"हा तुझाच आहे," ते म्हणाले. "तू इस्पितळात होतीस तेव्हा डॉक्टर म्हणाले, घरच्यांना बोलावून घ्या. मी हा सदऱ्याच्या खिशात घालून बाहेर बाकावर बसायचो. फोडावा लागला नाही."

हे हिमानीला कुणीच सांगितलं नव्हतं.

"गंगेचे उपकार, त्या डॉक्टरांचे, रक्त देऊन नावही न सांगता गेलेल्या लोकांचे. हा हातात घेतला की सगळे आठवतात. म्हणून वाटलं, तुझ्याबरोबर असावा. वजन होत असेल तर राहू दे."

तिने पिशवीतली चॉकलेटं काढून सॅकच्या वरच्या कप्प्यात टाकली. गडू पिशवीत नीट बसवला. चेन लागली.

"असाच परत आणते," ती म्हणाली.

शास्त्रीबुवांनी पिशवी स्वतः उचलून तिच्या हातात दिली.

"ये जाऊन."