घंगाळाच्या काठावरचं नाव

रविवारी चार वाजता तालमीत घंगाळ मांडायचं ठरलं आणि विठाबाईच्या पायाला भिंगरी लागली.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली ती तालीम गणपतीत दरवर्षी काही ना काही काढायची. चोपन्न साली तिनं घराघरांतल्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन काढलं. ज्याची वस्तू सगळ्यांत जुनी, त्याला जरीचा फेटा. झालं, सगळी पेठ माळ्यावर चढली. कुणी आजोबांची पगडी खाली काढली, कुणी दगडी दिवा. बाळासो चौगुल्यांना दांडपट्टा सापडला. तो मांडीवर घेऊन ते आठ दिवस कट्ट्यावर गंज घासत बसले होते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून दाखवत होते.

विठाबाईच्या घरात जुनं म्हणावं असं एकच होतं. पितळेचं घंगाळ. दोन कड्यांचं, जाडजूड, आणि इतकं ऐसपैस की नातवंडं त्यात बसून न्हायची. दहा वर्षांची नवरी होऊन ती या घरात आली, तेव्हा सासूनं तिला चुलीपुढं नाही, या घंगाळापुढं बसवलं होतं. "हे मोठ्या मामंजींचं हाय. नुसत्या राखेनं भागायचं न्हाय, चिंच लावायची," असं बजावून सांगितलं होतं. तेव्हापासून अठ्ठेचाळीस वर्षं, रोज सकाळी, विठाबाई चिंच लावत आली. सासू गेली, नवरा गेला, मुलगा पिराजी पलटणीत गेला. घंगाळ सोन्यासारखं राहिलं.

त्याच्या काठावर टिंबाटिंबांनी ठोकलेलं नाव होतं. ते मोठ्या मामंजींचं, म्हणजे सासऱ्याच्या वडिलांचं, सयाजी इंगवल्यांचं. पिराजीला वाचता येत होतं, पण घरातल्या भांड्यावरचं नाव वाचायला कोण बसतो? ते कुणाचं आहे हे सगळ्यांना ठाऊकच होतं. विठाबाईला तर ते तोंडानं घ्यायचीही सोय नव्हती. सुनेनं मोठ्या सासऱ्याचं नाव घ्यायचं म्हणजे काय! दसऱ्याला त्या टिंबांना हळदकुंकू लावायचं आणि हात जोडायचे.

पण प्रदर्शनाचा एक नियम होता, आणि तो नृसिंह मास्तरांनी घातला होता. मास्तर तालमीच्या माडीवर दुपारी बायकांना लिहायला-वाचायला शिकवत. वर्षभरात विठाबाई त्यांच्या वर्गात जोडाक्षरांपर्यंत आली होती. मास्तर म्हणाले, "ज्याची वस्तू त्यानं स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहायची. कुणाची, किती जुनी, घरात कशी आली. ज्याला लिहिता येत नाही त्यानं शेजाऱ्याला धरावं. विठाबाई, तुम्ही मात्र कुणाला धरायचं नाही."

विठाबाईला त्या एका वाक्यानं दोन दिवस जेवण गोड लागलं.

शनिवारी दुपारी ती घंगाळ पुढ्यात घेऊन बसली. नाव लिहायचं तर काठावरचं बघूनच लिहावं, चूक नको, म्हणून तिनं टिंबं टाचणीनं टोकरून साफ केली, त्यांत खडूची पूड चोळली आणि फडक्यानं वरचं पुसून घेतलं. पितळेवर पांढरी अक्षरं उठली. तिनं बोट ठेवलं.

पहिलं अक्षर 'स' नव्हतं.

तिनं घंगाळ फिरवलं. कदाचित मधूनच सुरू केलं असेल. पुन्हा बोट ठेवलं. आ. द. गों. डा. पुढं 'पाटील'. आणि त्याच्या पुढं, जरा बारीक, 'कबनूर'.

"लीला! अगं लीला!"

सून पिठाच्या हातानं बाहेर आली. "काय झालं आत्याबाई? विंचू हाय काय?"

"आदगोंडा कोण गं आपल्यात?"

"आपल्यात? हे तर जैनाचं नाव. तिकडं इचलकरंजीकडं असत्यात."

विठाबाईनं नावावरचं बोट उचललं. अठ्ठेचाळीस वर्षं चिंच लावली, ती कुणाच्या भांड्याला? अख्ख्या पेठेला सांगून बसलोय, पाच पिढ्यांचं म्हणून! चोरीचं म्हणतील. सासूला, त्या गेलेल्या बाईला, चोर म्हणतील.

लीला हुशार होती. "भिंतीकडं नाव करून मांडू. कुणाला दिसतंय?"

"आणि चिठ्ठीवर काय लिवू?"

"जे ठरलंय त्येच. आजवर चाललंच की."

"आजवर मी वाचलं नव्हतं की गं!" विठाबाई म्हणाली, आणि उठली. तिचं ठरलं होतं. कबनूरला जायचं, आदगोंडा पाटलांचं जे कोण असेल त्याला गाठायचं आणि एक दिवसाची परवानगी मागायची. फक्त रविवारचा दिवस. भांडंही बरोबर न्यायचं, म्हणजे माल घरात दडवून विचारायला आली असं कुणी म्हणायला नको.

रविवारी सकाळी घंगाळ डोक्यावर घेऊन ती निघाली. कट्ट्यावर बाळासो होतेच.

"काय विठाक्का! प्रदर्शन हिकडं हाय. घंगाळ घिऊन काशीला चालली काय?"

"चार वाजता बगा की!" ती म्हणाली. आवाज मात्र मुद्दाम मोठा काढला. मोकळ्या हातानं परत आलो तर घराचं म्हणून मांडायला काडी नव्हती.

एस.टी.त तिनं घंगाळ मांडीवर घेतलं, तशी ती त्याच्याआड दिसेनाशी झाली. कंडक्टर आला.

"मावशी, ह्येचं तिकीट पडंल."

"का? शीटवर बसलंय व्हय? मांडीवर हाय."

"मांडीवरचं पोर बी मोठं झालं की तिकीट लागतंय."

"पोर कुठलं, पाच पिढ्यांचं म्हातारं हाय ते. म्हाताऱ्याला काय सवलत हाय का न्हाय तुमच्यात?"

गाडी हसली. कंडक्टरही हसला आणि पुढं गेला. पण 'पाच पिढ्यांचं' म्हणताना विठाबाईची जीभ अडखळली होती. कुणाच्या पाच पिढ्या?

कबनूरला उतरली तेव्हा विणकरांच्या मागांचा खडखडाट कानात शिरला. एका गड्याला तिनं विचारलं, "आदगोंडा पाटलांचं घर कुठं?"

"आदगोंडांना जाऊन तीस वर्सं झाली की, पावणं! त्यांचा ल्योक हाय, बाबासो. ते बगा, म्हस बांधलीया त्येच घर."

बाबासो पाटील सत्तरीचे, सडपातळ, सोप्यात पोथी वाचत बसले होते. विठाबाईनं घंगाळ त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि श्वास न घेता बोलू लागली. "मी कोल्लापुरची. विठाबाई. हे आमच्या घरात हाय, पर नाव तुमचं हाय. कसं आलं, मला ठाव न्हाय. चोरलेलं न्हाय, एवढं खरं. आज चार वाजता तालमीत मांडायचं हाय, तेवढा एक दिवस द्या. उद्या हितं आणून टाकतो."

बाबासोंनी चष्मा वर केला, काठावरून बोट फिरवलं. मग एकदम एवढ्यानं ओरडले की बाहेरची म्हैस दचकली.

"अगं ए! हिकडं ये! अप्पांचं घंगाळ आलं!"

त्यांची बायको राजमती ओल्या हातांनी धावत आली. "कुठलं अप्पांचं?"

"तांबटाकडचं! पन्नास-पंचावन्न वर्सांनी आलं!" मग ते विठाबाईकडं वळले. "बाई, तुमचं आडनाव काय?"

"इंगवले."

म्हाताऱ्यानं मांडीवर थाप मारली. "सयाजी राणोजी इंगवले! तुमचं कोण?"

विठाबाईनं पदर पुढं ओढला. "मोठं मामंजी," ती हळूच म्हणाली. "तुमाला कसं ठाव?"

"ऊठ, ऊठ! चल दावतो!"

ते तिला थेट म्हशीपुढं घेऊन गेले. म्हशीचं तोंड एका काळ्याकुट्ट भांड्यात होतं. ते भांडं घंगाळ होतं. दोन कड्यांचं. जाडजूड.

बाबासोंनी उभ्या उभ्या सांगितलं. प्लेगच्या साली त्यांच्या अप्पांनी घंगाळाला नवं बूड बसवायला कोल्हापुरात एका तांबटाकडं टाकलं होतं. आणायला गेले तर तांबटाची बायको म्हणाली, काल एक बाई येऊन एक घेऊन गेली, हे राहिलंय ते तुमचं. घरी येऊन वाचतात तर नाव दुसऱ्याचं. परत गेले तोवर प्लेगानं अर्धं शहर माळावर झोपड्यांत पळालं होतं, आणि तांबट त्यातच गेला.

"अप्पा कोल्लापुरात लई फिरलं. पर तुमच्या घंगाळावर गाव न्हाय की हो! नुसतं नाव. सयाजी इंगवले म्हटलं तर कुणाला ठाव न्हाय."

"ते तवाच गेलतं," विठाबाई म्हणाली. "आणि तुमच्यावर गाव हुतं, पर आमच्यात कुणी वाचलंच न्हाय." तिला सासू दिसली, घंगाळ डोक्यावर घेऊन घाईघाईनं घरी येणारी. चोर नव्हती ती. मग तिची नजर पुन्हा म्हशीकडं गेली. "पर म्हशीला? आमच्या मोठ्या मामंजींचं घंगाळ तुमी म्हशीला दिलं?"

"परक्याचं भांडं, अंघोळीला कसं घ्यायचं?" बाबासो म्हणाले. "वीस वर्सं माळ्यावर हुतं. मग म्हटलं, माणसाला न्हाय तर न्हाय, मुक्या जिवाला तरी चालंल."

"आणि म्हस काय साधी हाय व्हय?" राजमती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आठ शेर दूध देती! आणि तुमी काय केलंसा? आमच्या मामंजींच्या घंगाळात तुमची पोरं न्हाली की!"

"चिंच लावून न्हाली!"

"आमची बी पेंड सरकीची हाय!"

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या आणि एकदमच हसत सुटल्या. हसता हसता विठाबाईला चार वाजायचे आठवले. "अगंबाई, प्रदर्शन! काढा ते बाहीर!"

काढणं सोपं नव्हतं. म्हशीची पेंड संपली नव्हती आणि ती डोकं वर काढायला तयार नव्हती. बाबासोंनी दावं ओढलं, राजमतीनं शिंगाला धरलं, विठाबाईनं कड्या धरल्या. म्हशीनं एक हिसडा दिला तशी विठाबाई घंगाळासकट शेणात बसली. पण कडी तिनं सोडली नाही.

"आता आमचं बी मांडायचं," राजमतीनं लुगडं बदलत जाहीर केलं. "मी येतो संगं."

गाडी उशिरा आली, आणि योगायोगानं कंडक्टर सकाळचाच. त्यानं दोन म्हाताऱ्या बघितल्या, दोन घंगाळं बघितली, एक झळझळीत आणि एक डांबरासारखं.

"सकाळी एकच हुतं की!"

"भावाला आणायला गेलतं," विठाबाई म्हणाली. "चल, घाल गाडी, उशीर झालाय!"

तालमीत पोचायला साडेपाच झाले. दारातनंच दिसलं, बाळासोंच्या डोक्याला जरीचा फेटा बांधून झाला होता. दांडपट्टा पहिला आला होता. विठाबाईला वाटलं होतं आपल्याला वाईट वाटेल. पण तेवढी सवड कुठं होती! "सरका, सरका," करत तिनं काळं घंगाळ सरळ टेबलावर आदळलं. राजमतीनं त्याच्या शेजारी पिवळं ठेवलं.

"हे काय, कोळशाच्या वखारीतनं आणलंस?" बाळासो फेट्याखालून म्हणाले. "काठाला वैरण बी चिकटलीया."

विठाबाईनं पदरानं काठ खसाखसा पुसला. मास्तरांच्या पुढ्यातला खडू उचलला, टेबलावर ठेचला, पूड काठावर चोळली. काळ्या पितळेवर अक्षरं उठली. लोक दांडपट्टा सोडून इकडं सरकले. लीला पुढं घुसली. तोवर राजमतीनं मोठ्यानं सगळी हकीकत सुरू केली होती, तांबट, प्लेग, म्हस आणि आठ शेर दूध.

"मग आता ह्येच्यावर काय लिवलंय?" बाळासोंनी विचारलं.

विठाबाईनं पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. तोंड उघडलं आणि थांबली. मागून एक म्हातारी फुसफुसली, "अगं, मोठ्या सासऱ्याचं नाव घेतीस?"

विठाबाईनं मास्तरांकडं बघितलं. मास्तर छताकडं बघत होते.

"नाव घेत न्हाय मी," ती म्हणाली. "वाचतोय."

आणि तिनं वाचलं. स. या. जी. सयाजी. रा. णो. जी. प्रत्येक अक्षराला बोट पुढं सरकत होतं आणि आवाज चढत होता. 'इंगवले' हे तिनं असं म्हटलं की बाहेरच्या रस्त्यावरचा टांगेवाला आत डोकावला.

"परत वाच," बाळासो म्हणाले. "मागच्यास्नी ऐकू गेलं न्हाय."

तिनं परत वाचलं. मागचे पुढं आले, त्यांना परत वाचून दाखवलं. सात वाजेपर्यंत तिचा घसा बसला. चिठ्ठी लिहायची राहून गेली ते राहूनच गेलं.

राजमतीची शेवटची गाडी सुटायची वेळ झाली. विठाबाईनं पिवळं घंगाळ उचलून तिच्या हवाली केलं, पण एक कडी काही हातातनं सुटेना. काठावर कुणाचा तरी अंगठा उमटला होता. तो तिनं पदरानं पुसला.

"रोज चिंच लागती त्येला," ती म्हणाली. "नुसत्या राखेवर भागवू नगंस. सवय न्हाय."

"लावतो की," राजमती म्हणाली. "आणि तुझ्या त्येला पेंडीचा वास हाय. लगीच जायचा न्हाय. घाई करू नगंस."

"न्हाय करत."

"म्हशीनं लई जपलं त्येला, खरंच सांगतो."

"म्हाईत हाय," विठाबाई म्हणाली आणि कडी सोडली.