फोटोतली झारी

मित्रांनो, कापड रंगवणाऱ्या एका कंपनीतली मी जुनी झारी. झारी म्हटले की तुम्हाला पाणी आठवेल. माझ्या नशिबी ते दोनदाच आले.

पहिल्यांदा आले ते पत्रेकाम करणाऱ्या म्हाताऱ्याच्या दुकानात. सांध्यांना डाख लावून त्याने मला काठोकाठ भरले आणि म्हणाला, "थेंब गळत नाही. जा पोरी, झाडं जगव!" केवढी हरखले होते मी!

पण मला विकत घेतले ते फोटोसाठी. कंपनी दरवर्षी पर्यावरणाचा अहवाल काढी. पहिल्या पानावर अध्यक्षसाहेबांचा संदेश असे, आणि शेजारी फोटो: साहेब दालनातल्या कुंडीवर मला कलती धरून हसताहेत. गालिचा भिजू नये म्हणून मी रिकामीच. त्याआधी मला बाहेरून हिरवा रंग देत. आत कुणी डोकावले नाही. फोटो झाला की वर्षभर दालनातलेच कपाट. अंधारात एकटीला वाटे, चुकून तरी कुणी भरावे मला.

संदेश लिहून देत त्या अहवालाच्या बाई. एका वर्षी नफा घटला आणि पाण्याचा वापर वाढला. बाईंनी दोन्ही सरळ लिहिले. साहेबांनी दोन्ही खोडले.

"अहो बाई, नफा घटला की संदेश जास्त हिरवा करायचा! भागधारक पहिलंच पान वाचतात."

"पण साहेब, विश्वासानं पैसे गुंतवलेत त्यांनी. खरं कळलं तर?"

"तुम्ही झारीतले शुक्राचार्य होऊ नका हो!"

मला हसू आले. माझ्यात शुक्राचार्य सोडाच, थेंबही नव्हता.

संदेश हिरवागार निघाला. शेअर थोडे दिवस चढला, मग खरे आकडे फुटले आणि तो आपटला. पुढच्या वर्षी नफा खरोखर वाढला, साहेबांनी तसे लिहिलेही. पण आता त्यांचे खरेही कुणाला खरे वाटेना.

बाईंनी नोकरी सोडली. निघताना त्यांना कुंडीतले झाड सुकलेले दिसले. त्यांनी मला कपाटातून काढले.

"नुसतं मिरवलंस ना गं आजवर? चल, आज पाणी घालू."

नळाखाली मी भरले. आनंदाने जीव जड झाला. पण आतल्या गंजाने सांधे कधीच खाल्ले होते. कुंडीपर्यंत पोचेतो सगळे पाणी गालिच्यावर सांडले. बाईंनी मला हळूच खाली ठेवले आणि आपल्या चहाच्या कपाने झाडाला पाणी घातले. मी बघत राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी नुसते दाखवण्यापुरते ठेवलेले असेल, तर त्याला वेळीच कामाला लावा. मला इतकी वर्षे रिकामे ठेवले, ते मी सोसले. भरल्यावर मला पाणी धरता आले नाही, ते मात्र सोसवत नाही.