पावण्याच्या गळ्यातला टाय

मित्रांनो, मला हातात घेणार असाल तर आधी नाकाला रुमाल लावा. मी जुना टाय आहे आणि माझ्या अस्तरात अजूनही मिरचीची पूड आहे. किती वेळा झटकले, उन्हात घातले, साबणाच्या पाण्यात बुचकळले, तरी ती काही गेली नाही. पण शिंका आल्या म्हणून माझ्यावर चिडू नका. चिडायचा पहिला हक्क माझा आहे. मी काय सोसले ते ऐकलेत तर तुम्हीसुद्धा वैतागाल.

माझे कापड इचलकरंजीच्या मागावर विणले गेले. रंग लालजांभळा आणि त्यावर पिवळे तिरके पट्टे. मला शिवले ते कोल्हापुरातल्या एका बँडच्या गणवेशासाठी. ज्ञानू नावाचा क्लॅरिनेटवाला मला गळ्यात घालून वराती वाजवत असे. ते दिवस मोठे झोकाचे होते. वरातीत नाचणारी माणसे मध्येच थांबून म्हणत, "ज्ञानूचा टाय बघा की, कसा झळकतोय!" पुढे बँडने नवा गणवेश केला आणि ज्ञानूच्या गल्लीत राहणाऱ्या धैर्यशील सरांनी मला मागून नेले.

सरांचे शाहूपुरीत व्यवसाय सल्लागाराचे कार्यालय होते. ज्याचा धंदा नीट चालत नाही त्याच्याकडे जायचे, काय चुकते ते शोधायचे आणि अहवाल लिहून द्यायचा, असे ते काम. दर उन्हाळ्यात कॉलेजची मुले तिथे काम शिकायला येत. त्यांतल्या एकाकडेही टाय नसे, म्हणून मी. मला सुपूर्द करताना ज्ञानूने बजावले होते, "सायेब, गाठ मी मारून दिलीया. ती सोडू नगासा. नुसती ढिली करायची, डोक्यातनं काढायची, परत घालायची. सुटली तर मला बोलवू नगासा, मी काय येणार न्हाय."

खरे सांगायचे तर सरांना टायची गाठ मारता येत नव्हती. ते स्वतः मागे इलॅस्टिक असलेला तयार टाय लावत आणि हे कुणाला कळू देत नसत. त्यांनी सरळ नियम करून टाकला, की कार्यालयाच्या टायची गाठ कुणीही सोडायची नाही. झाले! त्या एकाच गाठीत मी वर्षानुवर्षे आवळून राहिलो. दरवर्षी नवी मान, नवा घाम, गाठ मात्र तीच. मित्रांनो, एकदा बुटाची नाडी न सोडता झोपून पाहा, म्हणजे माझे दुखणे कळेल.

सत्त्याण्णव साली मे महिन्यात माझ्या वाट्याला कृष्णात आला. बिद्रीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, व्यवस्थापन शिकत होता. पोरगा सरळ होता, कामाचा होता, फक्त मोठ्यांपुढे त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. उन्हाळ्याच्या शेवटी सरांनी बरा शेरा लिहून दिला तरच त्याचे वर्ष पुरे होणार होते. सरांनी त्याला लक्ष्मीपुरीत चन्नवीरआण्णांच्या मसाल्याच्या कारखान्यात पाठवले. आण्णांचा कांदा-लसूण मसाला चांगला नावाजलेला. पण अलीकडे एक पोते खमंग, तर दुसरे कडवट निघू लागले होते. दुकानदार माल परत पाठवत होते आणि आण्णांना कारण सापडत नव्हते.

"जा, बघ, लिहून आण," सर म्हणाले. "आणि टाय काढायचा नाही. त्याशिवाय कुणी किंमत देत नाही."

किंमत! अहो, कोल्हापुरातला मे महिना, मिरचीचा कारखाना आणि गळ्यात मी. दारात पाऊल टाकताच आण्णांनी मला पाहिले आणि हात जोडले.

"या या, पावणं! औषधवालं का विमावालं?"

"नाही आण्णा, मी सल्लागारांकडून आलोय."

"म्हंजे लईच मोठं सायेब की वो! आत बसा, बसा. आक्का, पावणं आल्यात, च्या टाक!"

तिथून माझ्या वैतागाला सुरुवात झाली. कृष्णातने विचारावे, "आण्णा, कांदा कुठे भाजता?" आण्णांनी म्हणावे, "आदी च्या घ्या." चहा झाला की सरबत. सरबत झाले की आण्णांच्या थोरल्या बहिणीने, शिवगंगाक्कांनी, केलेले लाडू. तो भट्टीच्या खोलीत शिरला की देठ खुडणाऱ्या बायका पदर सावरून उभ्या राहत आणि बोलणे बंद करत. कढईवर बायडाबाई असायची. ती लांब दांड्याच्या उलथन्याने कांदा आणि खोबरे परतायची, पण आम्हाला पाहताच तीही उलथने टेकवून उभी. "काम चालू ठेवा, मावशी," कृष्णात म्हणे. "व्हय सायेब," ती म्हणे आणि उभीच राही. तो गळ्यात मला घेऊन काम पाहायला गेला होता, आणि माझ्यामुळेच त्याला काम सोडून बाकी सगळे दिसत होते.

दुपारी तर जेवल्याशिवाय सुटका नाही. घर माडीवर. कडक भाकरी, भरले वांगे, शेंगांची चटणी, दही. त्या दिवसांत दुपारची लाईट हमखास जायची, म्हणून पावण्याला वारा घालायला कुणीतरी हवे. आक्कांचे गुडघे दुखायचे, तेव्हा आण्णा जिन्यातून हाक मारत, "बायडा, वर ये गं! पावण्यास्नी वारा घाल!" कृष्णात लाजेने मान खाली घालून जेवायचा आणि वांग्याचे तेल माझ्यावर गळायचे.

अशाच एका दुपारी आक्का म्हणाल्या, "ते गळ्यातलं काढून या की वो. भाजी सांडतीया त्येच्यावर." एवढ्या दिवसांत माझी काळजी करणाऱ्या त्या पहिल्याच. कृष्णातने मला डोक्यातून काढून भट्टीच्या खोलीतल्या खुंटीवर अडकवले आणि तो माडीवर गेला.

आणि मित्रांनो, मी पाहिले! वरून हाक आली. बायडाबाईने कढईकडे पाहिले, माडीकडे पाहिले, उलथने ठेवले आणि पदराला हात पुसत पळाली. देठ खुडणाऱ्या बायका जेवायला घरी गेलेल्या, खाली कढईला हात लावणारे कुणी नाही. कांदा आधी सोनेरी झाला, मग तांबूस, मग कडेने काळा पडू लागला. धूर उठला, तो सगळा माझ्या अंगात शिरला. मी मनातल्या मनात ओरडत होतो, अरे या रे कुणीतरी! पण टायला तोंड कुठून असणार? बायडाबाई परत आली तेव्हा तिने कपाळावर हात मारला. काळे काळे वेचून टाकले आणि उरलेले तसेच मसाल्यात गेले.

हेच ते कडू पोते! ज्या दिवशी पावणा, त्या दिवशी मसाला कडू. कधी बँकेचे साहेब, कधी व्यापारी, कधी गडहिंग्लजचे व्याही. आणि हल्ली तर रोजच आमचे कृष्णातराव. चूक शोधायला आलेला माणूसच रोज जेवायला बसून ती चूक घडवत होता, आणि ते सांगायला माझ्याकडे जीभ नव्हती. त्या क्षणी मला हात असते तर मी ते टेकले असते.

कृष्णात खाली आला, त्याने मला गळ्यात घातले, आणि त्याला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आले. त्याने मला नाकाशी धरले. "सकाळी असा वास नव्हता," तो पुटपुटला. "हे काय जळलं?" शाब्बास, म्हटले, ट्यूब पेटली एकदाची!

दुसऱ्या दिवशी त्याने युक्ती केली. पोट बिघडलेय, जेवत नाही, म्हणाला आणि कढईजवळच्या पोत्यावर बसून राहिला. पण पोट बिघडलेल्या पावण्याला ताक लागते ना! "बायडा, पावण्यास्नी ताक आण, जिरं लावून आण!" बायडाबाई उलथने टाकून पळाली आणि कृष्णातच्या डोळ्यांदेखत कांदा काळा झाला. ती ताकाचा तांब्या घेऊन आली तेव्हा तो हलक्या आवाजात म्हणाला, "मावशी, हे रोज असंच होतं?"

बायडाबाईने तांब्या त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "आता तुमास्नी कसं सांगायचं सायेब? पावण्याला तू आलास म्हणून नुस्कान झालं, असं कुणी म्हनतंय व्हय?"

"पण आण्णांना तरी सांगायचं."

"आण्णांनीच हाक मारल्याली असती की. आन त्यांच्या मनात, मलाच आता भाजायला जमंना झालंय."

कृष्णातने संध्याकाळी शाहूपुरीत येऊन सरांना सगळे सांगितले. सरांनी ऐकून घेतले आणि टाइप केलेला कागद पुढे सरकवला. सरांचा एकच अहवाल असे. दूध असो, गूळ असो, नट-बोल्ट असो, शेवटी एक माणूस कमी करा असे त्यात ठरलेले. या वेळी लिहिले होते, भट्टीवरची बाई बदलावी.

"पाहुणचाराला अहवालात रकाना नसतो," सर म्हणाले. "उद्या मी येतोय. हे तू वाचून दाखवायचं. नाहीतर शेऱ्याची अपेक्षा ठेवू नकोस."

त्या दिवशी घरी जाताना तो मला बोटांनी सारखा ओढत होता. वाचावे तर बायडाबाईचे काम जाणार, न वाचावे तर त्याचे वर्ष. मला राग येत होता सरांचा, आण्णांचा, त्या कागदाचा, आणि सगळ्यांत जास्त माझ्या स्वतःच्या रुबाबाचा.

दुसऱ्या दिवशी दोन-दोन टाय पाहून आण्णांना काय करू आणि काय नको असे झाले. आक्कांनी पोळ्यांचा घाट घातला होता. "आदी जेवण, मग वाचन," आण्णांनी जाहीर केले. दोघे पानावर बसले. लाईट गेलेली. आण्णा जिन्याकडे वळून ओरडले, "बायडा, वर ये गं!"

बायडाबाई पंखा घेऊन आली. कृष्णातच्या हातात पोळीचा पहिला घास होता. तो घास त्याने ताटात ठेवला आणि उठला.

"अवो पावणं!" आण्णांचा आवाज चढला. "भरल्या ताटावरनं उठत्यात व्हय? आमच्या घरात असं कुणी केलं न्हाय!"

कृष्णात जिना उतरलासुद्धा. भट्टीच्या आचेने त्याचा जीव घुसमटला असावा, कारण त्याने मला धरून असा हिसडा दिला की ज्ञानूची गाठ पार सुटली. एवढ्या वर्षांनी मी लांबच्या लांब मोकळा झालो! मला खांद्यावर टाकून त्याने उलथने उचलले आणि कांदा परतू लागला. मागोमाग सगळे खाली आले. आण्णा रागाने लाल, सर घामाने ओले.

"आण्णा," कृष्णात म्हणाला. बोलताना त्याचा हात थांबला नाही. "मी पावणा न्हाय. मी पावणा झालो म्हणूनच तुमचा कांदा जळतोय. रोज मी जेवायला बसतो, तुम्ही मावशीला हाक मारता आणि हिकडं कढई सोडलेली असते. त्यांची काही चूक न्हाय. असली तर ती माझी हाय, आणि तुमच्या हाकेची हाय."

सर खोकले. "तो काय म्हणतोय, त्याचा आमच्या अहवालाशी..."

"थांबा तुमी," आण्णा म्हणाले. त्यांनी वाकून कढईत पाहिले. कांदा सोनेरी होता, एकसारखा. मग त्यांनी बायडाबाईकडे पाहिले. "खरं व्हय गं?"

बायडाबाईने पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. बोलल्या त्या आक्का, जिन्यातून, गुडघा धरून. "चन्नू, आजपास्नं पावण्याला वारा तू घालायचा. बायडा कढई सोडणार न्हाय, कुणी बी येऊ दे. आन हे पोरगं उपाशी जायाचं न्हाय, त्येला हितंच दे ताट."

कृष्णातने भट्टीशेजारी उभ्यानेच पोळी खाल्ली. बायडाबाई परतता परतता रडत होती, की धुराने डोळे चुरचुरत होते, ते मला कळले नाही. सरांना आण्णांनी स्वतः वारा घातला. सरांनी तो कागद बॅगेतून बाहेर काढलाच नाही.

पुढे मसाला सुधारला आणि सरांनी आण्णांचे उदाहरण आपले म्हणून चार ठिकाणी सांगितले. कृष्णातला त्यांनी शेरा दिला, तो असा: काम समाधानकारक, पण कार्यालयीन वस्तू हाताळण्यात निष्काळजी. ती वस्तू म्हणजे मी. दार लावून सरांनी मला गाठ मारून पाहिली, आरशासमोर, कितीतरी वेळ. शेवटी वैतागून मला कृष्णातच्या अंगावर फेकले. "घेऊन जा ही ब्याद," म्हणाले. त्या शेऱ्यावर त्याचे वर्ष मात्र पुरे झाले.

आता कृष्णात स्वतः सल्लागार आहे. मी त्याच्या ट्रंकेत असतो, घडी घालून, गाठ नसलेला. नव्या ठिकाणी कामाला निघायच्या दिवशी तो ट्रंक उघडतो, मला नाकाशी धरतो, दणकून शिंकतो आणि मला परत आत ठेवतो. मग बाह्या दुमडून, घरूनच जेवून, मोकळ्या गळ्याने निघून जातो. इतक्या वर्षांत एकदाही त्याने मला घातलेले नाही. कधी कधी मला त्याचाही राग येतो. मीही एकेकाळी वरातीत झळकलो आहे!

पण मित्रांनो, माझे एवढे ऐका. टाय वापरलात तर रोज त्याची गाठ सोडून ठेवा, तोही दमतो. आणि कुणाचे काम पाहायला गेलात तर मला आधी खिशात घाला. तुमच्या पाहुणचारासाठी उठलेल्या माणसामागे कुठेतरी एखादी कढई असते. तिच्यापाशी कोण आहे, एवढे विचारून मग घास घ्या.