माझ्या पोटात लताबाई

मी एमआरआय मशीन बोलतेय. बोलते कसली, खडखडते. पोटात शिरलेल्या माणसाच्या कानाशी हातोडेच मारते. रायपूरला, तेलीबांध्याच्या या केंद्रात मला आणलं तेव्हा भिंत फोडावी लागली. मग नारळ फुटला, कुंकू लागलं. लाड तेवढेच, पुढे नुसतं राबणं.

यकृत किती काम करतं, ते मी दाखवते. शिरेतून एक औषध सोडतात. धडधाकट यकृत ते शोषून घेतं आणि माझ्या चित्रात लख्ख उजळतं. सिरॉसिसनं निबर झालेलं काळंच राहतं. मला खोटं बोलता येत नाही, आणि दयामायाही नाही.

रेल्वेतले दिवाकरराव आधी येऊन गेले. दारूनं त्यांचं यकृत पार गेलेलं. कुणी आपल्यातला तुकडा दिला तरच वाचणार. मुलगा ‘देखते हैं पापा’ म्हणाला आणि फोन उचलेनासा झाला. म्हणून आज स्वतःला तपासून घ्यायला बायको आली, लताबाई.

मला चालवणाऱ्या शर्मिष्ठानं विचारलं, “काकू, कोणतं औषध चालू आहे का?”

“मले कायचं औषध? यांच्यासाठी वैद्याचा काढा आणला होता, लिव्हर साफ कराले. कडू लागे म्हणून हे अर्धा ग्लास ठेवून देत. टाकवे नाही, मग मीच पिऊन घेत होते. सालभर.”

शर्मिष्ठानं ते डॉक्टरांसाठी कागदावर लिहून ठेवलं. लताबाई आत आल्या. ‘श्वास रोखा’ म्हटलं की इतका रोखत, की सोडायची आठवण करून द्यावी लागे.

औषध गेलं. आम्ही वाट पाहिली. यकृत उजळलंच नाही. दारूच्या थेंबालाही न शिवलेली बाई, आणि आत नवऱ्याइतकाच अंधार! काढ्याचं ऐकून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. नवऱ्याचं उष्टं बाईला भोवलं होतं.

डॉक्टर लताबाईंना घेऊन बाहेर गेले आणि तिथे बसलेल्या दिवाकररावांना म्हणाले, “यांना देता येणार नाही. यांचंच लिव्हर खराब आहे.”

दिवाकररावांनी बायकोकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मंग आता मले कोण देईल?”

लताबाई खाली मान घालून म्हणाल्या, “चुकलं माझं. माझ्या भावाले विचारून पाहते.”

मी आता जुनी झाले, तरी रोज राबते. माझी एकच विनवणी आहे: तपासणी झाली की खोलीचं दार लावून घेत जा. माणसांच्या आतला अंधार मी खुशाल बघते. बाहेरचं हे बोलणं मला ऐकवत नाही.