कोठीची किल्ली

साहेबराव मस्कतला राहत होता, तरी वडीगोद्रीतल्या सगळ्या चोऱ्या त्याला तोंडपाठ होत्या. कारण लोणचं. आई, सगुणाबाई, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर बरणी धाडायची आणि ती गुंडाळायची जुन्या पेपरात. शुक्रवारी सुट्टीला अंबडचा भुजंग खोलीवर यायचा आणि दोघं मिळून तो तेलकट कागद वाचायचे. अमक्याच्या विहिरीवरची मोटार पळवली, तमक्या ढाब्यावर डोकी फुटली, भरबाजारात बाईच्या गळ्यातली पोत गेली. कागद तीन महिने शिळा, भीती मात्र ताजी.

"मुलूख बिघडला आपला," भुजंग म्हणायचा. "माय एकटी ठिवू नको."

शेवटी अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात साहेबराव कुणालाही न कळवता निघाला. बॅगेत चांगलं अर्ध्या किलोचं परदेशी कुलूप होतं. घराला ते ठोकायचं, आईला औरंगाबादला घेऊन ठेवलेल्या फ्लॅटवर न्यायचं, बस्स. आधी सांगितलं असतं तर तिनं नाही म्हटलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

भर दुपारी घराशी पोचला तर दार सताड उघडं. आत बाज नाही, गाद्या नाहीत, फडताळात एक पातेलं नाही. हंडे गेले, पराती गेल्या, पाटा-वरवंटासुद्धा गेला. रांजण तेवढा जागेवर होता, तोही जड म्हणून सुटला असावा. भांडी गेली तर गेली, आई कुठं आहे? गल्लीत हाका मारल्या, तर एक चिटपाखरू ओ देईना. बॅग तिथंच टाकून तो हायवेवरच्या पोलीस चौकीकडे पळत सुटला.

तिथले जमादार मोठे शांत गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाज बी नेली?"

"नेली."

"पाटा-वरवंटा?"

"तो बी. आन् माय बी न्हाई हो घरात."

जमादारांनी टोपी डोक्यावर ठेवली. "चला, चोर दावतो."

चोर शाळेच्या मैदानात सापडले. तिथं मांडव घातला होता आणि शेजारच्या चांगुणाबाईच्या शिवकन्येला हळद लागत होती. साहेबरावाच्या बाजेवर चार म्हातारे पान खात बसले होते. त्याच्या गाद्यांवर पाहुणे लोळत होते. हंड्यावर वडिलांचं नाव कोरलेलं, पुंजाराम, ते लांबूनही वाचता येत होतं. आणि पाट्याशी हळद वाटत बसली होती सगुणाबाई, कोपरापर्यंत पिवळी.

लग्नघराला सगळ्या गावानं भांडीकुंडी न् बाजा पुरवायच्या, ही तिथली जुनी रीत. पोरपणी साहेबरावानं स्वतः घरोघरच्या बाजा डोक्यावर वाहिल्या होत्या. अकरा वर्षांत नेमकं तेवढंच विसरला होता बिचारा.

"दार उघडं टाकून आलीस, माय? म्या घराला कुलूप आणलंय," रागानं विचारायला गेला आणि त्याचे डोळेच भरून आले.

"कवा आल्तास रं? चोऱ्या होत्यात, खोटं कशाला बोलू," सगुणाबाई म्हणाली. "पर कुलूप दिसलं की चोराला बराबर कळतं, घरात कुणी न्हाई. आन् घरात ऱ्हायलंय काय? समदं तं हितं हाय."

तोवर जमादारांनी फिर्याद साऱ्या मांडवाला सांगून टाकली होती. बाया पदर तोंडात धरून हसत होत्या. चांगुणाबाई मात्र हसली नाही.

"कुलूप आणलंस ना लेकरा? मंग कोठीवर तूच बस."

कोठी म्हणजे बुंदी, तेल, साखर ठेवलेली शाळेची खोली. तिची किल्ली गाव कुणाच्याही हातात देत नाही. वर्षानुवर्षं पारखलेला माणूसच तिथं बसतो. पुंजाराम होते तोवर ते बसायचे. गावाला चोर समजून चौकीत जाऊन आलेल्या माणसाला गावानं ती जागा दिली. दोन दिवस तो कोठीच्या दारातून हलला नाही.

चौथ्या दिवशी बैलगाडीतून सगळं सामान घरपोच आलं. गाद्या पाच गेल्या होत्या, सहा आल्या.

"माय, फ्लॅटवर चलतीस का?" त्यानं विचारायचं म्हणून विचारलं.

"तिथं शेजारी कोण ऱ्हातं?"

साहेबरावाला नाव आठवेना.

"मंग तिथं घर धुऊन नेलं तं कुणाच्या मांडवात हुडकायचं?"

साहेबराव पोट धरून हसला. फ्लॅटची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही.

पुढच्या शुक्रवारी मस्कतला भुजंगानं घाईघाईनं बरणी पुढं ओढली. ती हळदीनं माखलेल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली होती.

"आन् पेपर? मायला फ्लॅटवर न्हेलं न्हाई व्हय? कुलूप तरी लावलंस का?"

"लावलं की. गावच्या कोठीला. किल्ली आता गावानं मायकडं दिलीय, पुढच्या लग्नापासून तीच बसणार कोठीवर." आणि साहेबरावानं पहिल्यापासून सारं सांगितलं.

भुजंग आधी खो खो हसला. मग त्यानं बरणीचं झाकण घट्ट लावलं.

"आमच्या घरच्या बाजा नेत असत्याल का रे अजून कुणी?" त्यानं विचारलं, आणि रजेचा अर्ज लिहायला कागद शोधू लागला.